सेल्फ उचलत नाही तेव्हा...

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



शेतकऱ्याचा दिवस आता बैलांच्या घुंगरांनी सुरू होत नाही, तो किल्लीने सुरू होतो. नीरा जिथे भीमेला मिळते ते आमचे नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचे अगदी टोक. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. या काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की दोन-चार दिवसांनी वापसा येतो. म्हणजे माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, नांगर-कुळवाला हात देईल अशी होते. वापसा कोणासाठी थांबत नाही. उन्हाची एक तिरीप जास्त लागली की ढेकळे होतात आणि पुन्हा पाऊस आला की चिखल होतो. अशा सकाळी माणूस ट्रॅक्टरवर बसतो, किल्ली फिरवतो आणि आतून फक्त 'टक्' असा आवाज येतो. पुढे काही नाही.

मग काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. चार माणसे जमतात आणि पाच मते पडतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ जळला, तिसरा म्हणतो धक्का मारा. तालुक्याहून नवी बॅटरी येते, तरी 'टक्'. मग सेल्फ सोडून इंदापूरला किंवा अकलूजला नेतात, भरून आणतात, तरी 'टक्'. तिसऱ्या दिवशी कोणी तरी चेसीला लागलेल्या जाड काळ्या तारेचा गंजलेला नट घासून आवळतो आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात बोलू लागते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण ज्याने केली त्याने ट्रॅक्टर पाहिला नसेल, पण माणूस नक्की पाहिला होता. पैसे गेले ते गेलेच, वापसाही गेला.

आज मला बोलायचे आहे ते याच विषयावर. मी काही इंजिनिअर नाही, शब्दांचा माणूस आहे. पण दुखणे ओळखणे हे बरेचसे नीट ऐकण्याचे काम आहे आणि ते कोणालाही करता येते. दुरुस्ती मिस्त्रीच करील. त्याच्याकडे जाताना आपण 'चालू होत नाही' एवढेच न सांगता 'इथपर्यंत येते आणि इथे थांबते' असे सांगू शकलो, तर अर्धे काम झाले.

फिरणे वेगळे, पेटणे वेगळे

पहिली गोष्ट म्हणजे दोन दुखण्यांची गल्लत करू नये. किल्ली फिरवल्यावर इंजिन घुर्र घुर्र फिरते, पण पेट घेत नाही, हे एक दुखणे. त्यात डिझेल, हवा, फिल्टर, पंप यांचा शोध घ्यायचा. किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतच नाही, हे दुसरे दुखणे. आपल्याकडे त्यालाच 'सेल्फ उचलत नाही' म्हणतात. या दुसऱ्या दुखण्यात डिझेलचा काही संबंध नाही. टाकी काठोकाठ भरलेली असो की रिकामी, सेल्फने इंजिन फिरवलेच पाहिजे. म्हणून सेल्फ उचलत नसताना डिझेल फिल्टर सोडत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि डाग पखालीला.

हे 'सेल्फ' प्रकरण आले कुठून? मोटारगाड्या आल्या तेव्हा त्या पुढून हँडल मारून सुरू कराव्या लागत. हँडल उलटे फिरले की मनगट मोडे. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. केटरिंग यांनी आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवली होती. तिथे त्यांच्या लक्षात आले होते, की जी मोटार दिवसभर चालवायची नाही, क्षणभरच जोर लावायचा आहे, ती लहान असली तरी चालते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. सेल्फ हा पैलवान आहे, पण दहा सेकंदांचा.

आपल्याकडे हँडल बरीच वर्षे टिकले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली उभी राहिली आणि नदीकाठच्या, विहिरीवरच्या पाण्याला इंजिनाचा आवाज मिळाला. ती इंजिने हातानेच फिरवायची. एकाने झडप उघडी धरणारी दांडी दाबायची, दुसऱ्याने हँडल मारून वेग आणायचा आणि मग दांडी सोडायची. जुनी माणसे पोरांना पहिला धडा द्यायची तो अंगठ्याचा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूने गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, अंगठा अडकत नाही. आजही ज्यांच्याकडे हँडलचे इंजिन आहे त्यांनी हा धडा विसरू नये.

आत काय घडते

किल्ली फिरवल्यापासून इंजिन फिरेपर्यंत एक साखळी आहे. तिची प्रत्येक कडी समजून घेऊ.

बॅटरीतून एक बारीक वाट निघते. ती फ्यूजमधून, किल्लीच्या स्विचमधून आणि सुरक्षेच्या खटक्यांमधून जाऊन सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडपर्यंत पोहोचते. या वाटेने थोडाच प्रवाह जातो; तो फक्त निरोप्या आहे. निरोप मिळाला की सोलेनॉइड दोन कामे करतो. एक, छोटे दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकवतो. दोन, आतले तांब्याचे दोन जाड खिळे जोडून बॅटरीचा सगळा लोंढा सेल्फच्या मोटारीत सोडतो. हा लोंढा जाड तारेने जातो आणि इंजिनाच्या अंगातून, चेसीवरून, अर्थिंगच्या जाड तारेने बॅटरीत परत येतो. परतीची वाट हीसुद्धा वाटच आहे. लोक लाल तार पाहतात, काळी विसरतात.

सेल्फचे छोटे चाक दहा-पंधरा वेळा फिरते तेव्हा फ्लायव्हील एकदा फिरते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्यात डिझेलचा फवारा पेटतो. ही हवा वेगाने दाबली गेली तरच तापते. सावकाश दाबली तर उष्णता लोखंडात जाते आणि फटींतून हवा निसटते. म्हणून इंजिन नुसते फिरून चालत नाही, झपाट्याने फिरावे लागते. थंडीच्या पहाटे हे जास्त जाणवते, कारण तेल घट्ट झालेले असते आणि बॅटरीचाही जोर गारठ्यात कमी झालेला असतो.

आधी कान, मग डोळे, शेवटी पाना

आमच्या भागातले एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. ट्रॅक्टर अडला की मालक धावत येतो.

"चाचा, बॅटरी बसली वाटतं. नवीच आणू का?"

"बापू, आधी वर बसा. गिअर काढा, ब्रेक ओढा, हेडलाइट लावा, अन् मग किल्ली मारा. मला ऐकू द्या."

चाचा ऐकतात काय आणि पाहतात काय, ते सांगतो.

आवाज साधारण पाच प्रकारचे. पहिला, आवाजच नाही. दुसरा, एकच ठाम 'टक्'. तिसरा, 'कटकटकटकट' असा ताशासारखा. चौथा, 'घुंऽऽ' अशी मोटार पळते, पण इंजिन जागचे हलत नाही. पाचवा, इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घेते आणि थांबते.

आता दिव्याकडे पाहा. किल्ली मारताना दिवा तसाच झगझगीत राहिला आणि आवाजही नाही, तर बॅटरीकडे कोणी काही मागितलेच नाही. निरोप्याच पोहोचलेला नाही. दोष बारीक वाटेत: फ्यूज, किल्ली, खटके, नाही तर सोलेनॉइडची छोटी तार. 'टक्' ऐकू येते आणि दिवा तरीही झगझगीत, तर निरोप पोहोचला, पण लोंढा सुटला नाही. संशय सोलेनॉइडच्या खिळ्यांवर किंवा सेल्फच्या कार्बनवर. किल्ली मारताच दिवा मंद झाला, तर बॅटरीने मान टाकली किंवा इंजिनच जाम आहे. दिवा एकदम विझलाच आणि किल्ली सोडल्यावर पुन्हा लागला, तर बॅटरीच्या तोंडाशीच कुठला तरी सांधा ढिला किंवा गंजलेला आहे.

काही ट्रॅक्टरांत किल्ली मारताच हेडलाइट आपोआप बंद होतात. तिथे बारा व्होल्टचा एक बल्ब दोन तारांनी बॅटरीच्या चिमट्यांना जोडावा आणि त्याच्याकडे पाहावे. पैसे न लागणारी ही परीक्षा निम्म्या शंका मिटवते.

'कटकटकट' का वाजते, तेही गमतीचे आहे. सोलेनॉइड ओढतो, लोंढा सुटतो, दुबळ्या बॅटरीचा दाब कोसळतो, दाब कोसळताच सोलेनॉइडची पकड सुटते, पकड सुटताच ओझे जाते आणि दाब पुन्हा वर येतो, की सोलेनॉइड पुन्हा ओढतो. सेकंदात कितीतरी वेळा. म्हणून ताशा वाजला की बॅटरी आणि तिचे सांधे, हेच आधी पाहायचे. सोलेनॉइड बिचारा चांगला आहे, तोच तर वाजतो आहे.

बॅटरी आणि तिचे सांधे

बॅटरीत सहा खाने असतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टच्या थोडा वर, मिळून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर मीटर लावावा, लगेच लावला तर खोटा आकडा येतो. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. 'बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी चांगली' हा मोठा गैरसमज आहे. बारा दाखवणारी बॅटरी तळाला गेलेली असते.

त्याहून खरी परीक्षा ओझ्याखालची. एकाने किल्ली मारावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा तिच्यावर अवाजवी ओझे आहे. पाणी घालायच्या बॅटरीत हायड्रोमीटरने सहाही खाने तपासावेत. पाच खान्यांत १.२५० च्या आसपास आणि एका खान्यात १.२०० किंवा खाली असेल, तर तो एक खाना सगळ्या बॅटरीला खाली ओढतो. पाण्याची पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे, बोअरचे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यातले क्षार बॅटरीचे आयुष्य खातात.

आता सांधे. इथे थोडे गणित सांगतो, कारण ते कळले की पुढची सगळी गडबड टळते. समजा बॅटरीच्या टोकावर पांढरा-हिरवा फुलोरा आला आहे आणि त्याने ओहमच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा अडथळा केला आहे. दोन हेडलाइट मिळून दहा अँपिअर घेतात. तेवढ्या प्रवाहाला तिथे ०.२ व्होल्टचीच तूट येते. दिवा झगझगीत दिसतो. पण सेल्फ मागतो दोनशे-अडीचशे अँपिअर. अडीचशेच्या हिशेबाने तेवढ्याच अडथळ्यात पाच व्होल्ट संपतात. बारातले पाच वाटेतच गेले, तर सेल्फच्या वाट्याला काय उरणार? म्हणून 'दिवा चांगला लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे वीज आहे' हे म्हणणे पुरेसे नाही. गाळाने अर्धी भरलेली चारी एका वाफ्याला पाणी देईल, पण सगळ्या शिवाराला नाही देणार.

अशा सांध्यात जे व्होल्ट संपतात त्यांची उष्णता होते. म्हणून सेल्फ दोन-तीनदा मारून झाल्यावर किल्ली बंद करून जाड तारांचे सांधे हळूच चाचपावेत. जो सांधा इतरांपेक्षा गरम, तोच चोर. मीटर असेल तर आणखी नेमके कळते. मीटरची एक दांडी बॅटरीच्या शिशाच्या प्लस टोकावर, दुसरी सेल्फच्या जाड खिळ्यावर ठेवून किल्ली मारावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर त्या वाटेत गळती आहे. मग बॅटरीच्या मायनस टोकापासून सेल्फच्या अंगापर्यंत तेच करावे. परतीच्या वाटेतला दोष इथे उघडा पडतो.

साफ करायची रीत अशी. किल्ली बंद. हातातली अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पाना लागून वीज अंगठीतून गेली तर बोट भाजते. बहुतेक ट्रॅक्टरांत मायनसची तार चेसीला असते. ती आधी सोडावी आणि जोडताना सर्वांत शेवटी जोडावी. कारण मायनस जोडलेली असताना प्लसचा नट खोलताना पाना चेसीला लागला, तर थेट शॉर्ट होतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फुलोऱ्यावर टाकावा, तो फसफसून निघून जातो. सोडा बॅटरीच्या खान्यात मात्र जाता कामा नये. मग पाण्याने धुऊन, पुसून, शिशाचे टोक आणि चिमट्याची आतली बाजू पॉलिश कागदाने चकचकीत करावी, घट्ट आवळावी आणि वरून व्हॅसलिन लावावे. अर्थिंगच्या तारेचे चेसीकडचे टोकही तसेच: खालचा रंग, माती, गंज काढून लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे.

बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने बॅटरी फुटू शकते. अ‍ॅसिड डोळ्यात गेले तर कुठलेही औषध शोधत न बसता भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा.

दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून चालू करायचे असेल तर क्रम पाळावा. बसलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस आणि शेवटचे टोक बसलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. ठिणगी शेवटच्या टोकाला उडते. ती हायड्रोजनपाशी उडू नये, एवढाच त्यातला अर्थ.

खटक्यांची भानगड

बारीक वाटेत सुरक्षेचे खटके असतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फला निरोप जातच नाही. काहींत पीटीओची दांडी बंद असावी लागते. त्यामुळे 'आवाजच नाही' असे झाले, तर आधी क्लच तळापर्यंत दाबून, गिअरची दांडी हलवून, पीटीओ पाहून पुन्हा किल्ली मारावी. क्लचच्या पेडलखाली वाळलेला चिखल किंवा उसाचे पाचट अडकले तरी खटका दाबला जात नाही. लोक वायरिंग सोडतात आणि दोष पाचटात असतो.

आपली पुष्कळ मुले आता अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिथे घरापुढे मागे हिरवळ आणि ती कापायला चार चाकांचे, बसून चालवायचे यंत्र. दिसायला ट्रॅक्टरचे पिल्लूच. तेही उन्हाळ्याच्या तोंडाशी अडते आणि फोनवर बापाला विचारणा होते. त्यात खटके आणखी जास्त: सीटखाली एक, ब्रेकच्या पेडलला एक, पात्याच्या दांडीला एक. माणूस सीटवर नसला, ब्रेक दाबला नसला किंवा पाते जोडलेले असले, तर यंत्र चालूच होत नाही. इथल्या ट्रॅक्टरसाठी जे सांगितले, बॅटरी, सांधे, फ्यूज, खटके, सोलेनॉइड, सेल्फ, तोच क्रम तिथेही. फक्त ते यंत्र गाडीसारखे ढकलून चालू करता येत नाही.

खटके चांगले असतील तर फ्यूज पाहावा. फ्यूज जळाला असेल तर त्याच अँपिअरचा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला निमंत्रण. तोच फ्यूज पुन्हा जळाला, तर कुठे तरी तार उघडी पडून लोखंडाला लागते आहे. शेडमध्ये महिनाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर हमखास कुरतडतात. बॉनेटखाली घरट्याचा चिंध्या-कागद दिसला, तर दुसरा पुरावा नको. हे सगळे ठीक असेल तर सोलेनॉइडच्या छोट्या तारेला टेस्ट लॅम्प लावून, गिअर न्यूट्रल ठेवून, किल्ली मारायला सांगावे. लॅम्प लागला नाही, तर दोष त्याच्या अलीकडे. लागला आणि तरी सोलेनॉइड गप्प, तर दोष सोलेनॉइडमध्ये.

सेल्फ, आणि इंजिनच जाम असेल तर

इथवर सारे बरोबर निघाले, तरच सेल्फ खोलायचा. कार्बन झिजून आखूड झाले की एकच 'टक्' येते. अशा वेळी लाकडी मुठीने सेल्फच्या अंगावर हलके ठोकले तर एखाद्या वेळी उचलतो. त्याचा अर्थ सेल्फ बरा झाला असा नाही. कार्बन बदलायची वेळ आली, एवढाच. मोटार 'घुंऽऽ' पळते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स झिजला किंवा फ्लायव्हीलच्या कड्याचे दात तुटले. ते काम मिस्त्रीचेच. आणि केटरिंग यांचा तो मुद्दा आठवा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन वेळांमध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. पुष्कळ सेल्फ मूळ दोषाने जळत नाहीत, मालकाच्या हट्टाने जळतात.

इंजिनच जाम आहे का, हे हाताने कळते. बॅटरीची मायनस तार सोडून, डिझेल बंदचा खटका ओढून, गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावावा आणि नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवून पाहावे. पंख्याच्या पात्यांना धरून जोर लावू नये. जड पण सारखे फिरले, तर इंजिन मोकळे आहे. एका जागी दगडासारखे अडले, तर सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचले असण्याची शक्यता आहे. हवा दाबते, पाणी दाबत नाही. तिथे सेल्फने जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभराचे काम हजारोंवर जाते.

भीमाकाठच्या गावांना हे विशेष सांगायला हवे. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने इंदापूरपासून पंढरपूरपर्यंत पाणी चढले, तेव्हा मोटारी, इंजिने, ट्रॅक्टर पाण्यात गेले. पुरातून निघालेल्या इंजिनाला 'चालू होते का बघू' म्हणून किल्ली लावणे हीच सर्वांत महाग चूक. आधी बॅटरी सोडावी, इंजेक्टर काढून हाताने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे, तेल आणि फिल्टर बदलावेत, सेल्फ खोलून वाळवावा, आणि मगच किल्ली.

स्क्रू ड्रायव्हरची सवय

आता सर्वांत महत्त्वाचे. किल्लीने सेल्फ उचलला नाही, की कोणी तरी खाली उतरतो, मोठ्या चाकासमोर उभा राहतो आणि लांब स्क्रू ड्रायव्हर सेल्फच्या दोन खिळ्यांवर आडवा ठेवतो. ठिणगी उडते, इंजिन चालू होते, लोक वा म्हणतात. पण पाहा काय झाले. निरोप्याची वाट सोडून लोंढा थेट सोडला. म्हणजे क्लचचा खटका, गिअरचा खटका, सगळे पहारेकरी बाजूला केले. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर त्याच क्षणी चालू लागतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; एकदा पेटले की ते थांबायला डिझेलच बंद करावे लागते आणि तो खटका वर, सीटपाशी. माणूस खाली, मागच्या चाकासमोर. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. माणसे अशीच चाकाखाली जातात. म्हणूनच ट्रॅक्टर कंपन्या सेल्फजवळ सूचना चिकटवतात: सीटवर बसूनच चालू करा. आपल्याकडे ती चिकटपट्टी पहिल्या पावसात चिखलाखाली जाते.

खटका बिघडला तर तारेचा तुकडा जोडून तो कायमचा बाद करणे हाही त्याचाच भाऊ. आज ट्रॅक्टर तुम्ही चालवाल, उद्या तुमचा मुलगा चालवेल. त्याला कोण सांगणार की पहारेकरी झोपवला आहे? खटका नवीनच बसवावा.

हा प्रकार टाळायचा तर ट्रॅक्टर अडूच नये, एवढी निगा ठेवावी आणि ती अवघड नाही. महिन्याभराहून जास्त उभा राहणार असेल तर मायनसची तार सोडावी आणि महिन्याकाठी बॅटरी चार्ज करावी. दर पंधरवड्याला पाण्याची पातळी आणि सांधे पाहावेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात का, ते सहा महिन्यांतून एकदा बघावे; दिसत नसतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बॅटरी भरतच नाही आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. पेरणीच्या आधी हे सगळे एकदा पाहून ठेवावे, कारण वापशाच्या दिवशी गॅरेजसमोर रांग असते.

आणि तरीही एखाद्या सकाळी 'टक्' झालेच, तर घाबरून जाऊ नका, खाली उतरू नका. गिअर काढा, ब्रेक ओढा, दिवा लावा, किल्ली मारा आणि ऐका. मग मिस्त्रीला फोन करून सांगा: आवाज कसला आला, दिव्याचे काय झाले, बॅटरीचा आकडा किती, कोणता सांधा गरम लागला. तो येताना नेमके सामान घेऊन येईल आणि दुपारच्या आत तुमचा कुळव रानात असेल.